पानाच्या तळाशी तारीख

गारफील्ड, न्यू जर्सी
७ जानेवारी १९८०

लिडका,

तुझं पत्र मिळालं. रडून कागद ओला करायचा असेल तर निदान शाई तरी चांगली वापर, अर्धं वाचताच आलं नाही. आता रडणं पुरे, मी सांगते ते ऐक.

नोकरीचं विचारणाऱ्या त्या कॉलेजच्या माणसाला 'हो, येतं' म्हणून सांग. टायपिंग तुला येतंच. कॉम्प्युटरचं विचारलं तर म्हण, तुमच्या मशीनवरची सिस्टिम ज्या लॅबमध्ये तयार झाली तिथेच माझी आई कामाला आहे. आई तिथे काय करते हे त्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी त्या सिस्टिमच्या मॅन्युअलची पानं टाइप करते. त्यातलं एक अक्षर मला कळत नाही, पण कुठे काय असतं ते डोळे मिटून सांगेन. आठवीत शाळा सुटल्यावर मी रुमालाच्या कारखान्यात बसले, तेव्हाही रुमाल कुणाच्या नाकाला लागणार हे मला कुठे ठाऊक होतं? शिवण सरळ यायची, एवढं पुरे होतं. मी तुला पत्रातून शिकवीन.

मिंडीचा बाप, ड्वेन, रविवारी दारात उभा होता. "लिडिया कुठे आहे?" म्हणे. म्हटलं, "तुझा हात पोचणार नाही तिथे." तर दात काढून म्हणतो, "लपू दे. काम ना धंदा असलेल्या बाईकडे कुठला जज पोर ठेवतो ते बघतोच मी, ऑल्गा." तो दारुडा आहे, पण हे त्याने शुद्धीत म्हटलं आणि ते खरं आहे. तुझी नोकरी राहिली तर मिंडी तुझ्याकडे राहील. नाही राहिली तर चार वर्षांची पोर त्या माणसाच्या घरात. बाकी सगळं बाजूला ठेव, एवढंच डोक्यात धर.

फोन करू नकोस. त्याचा भाऊ टेलिफोनच्या खांबांवर चढतो, त्याला काय काय ऐकू येतं देव जाणे.

तुझी आई


वेलबी, नेब्रास्का
२६ जानेवारी

मा,

लागले! वसंतापर्यंत तात्पुरतं ठेवलंय, मग कायम करतील की नाही ते ठरेल. साहेबांचं नाव मिस्टर डॅल्बर्ग. उंच, वाळका माणूस, दिवसाला दहा शब्द खर्च करतो आणि त्यातले दोन 'मॅन्युअलमध्ये आहे.' मशीन बंद पडलं, मॅन्युअलमध्ये आहे. प्रिंटरने कागद गिळला, मॅन्युअलमध्ये आहे. खरं सांगते, इमारतीला आग लागली तरी हा मॅन्युअलच्या बाइंडरकडेच बोट दाखवेल.

आणि ते मॅन्युअल! मा, ते ज्याला आधीच सगळं येतं त्याच्यासाठी लिहिलंय. मशीनला द्यायच्या प्रत्येक हुकमाचं पान नावाप्रमाणे लावलेलं आहे, पण ते नावच मला ठाऊक नसेल तर मी पान काढू कुठून? आणि नावं तरी कसली, कुणी तोंडातला घास न गिळता बोलल्यासारखी. काल डिस्क भरली म्हणून मशीन अडून बसलं, बाहेर सहा विद्यार्थी रांगेत, आणि मी पानं उलटतेय, उलटतेय. शेवटी डॅल्बर्ग आले, एक हुकूम दिला आणि माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

असं अजून दोनदा बघितलं तर संपलंच. मला हे जमणार नाही, मा. मिंडीला झोपवते आणि तिच्याकडे बघत बसते. तिला वाटतं आपण सुट्टीवर आलोय.

लिडिया


गारफील्ड
२ फेब्रुवारी

लिडका,

'जमणार नाही' हे पुन्हा लिहिलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

ते पुस्तक नाही, ते कपाट आहे असं समज. आठ खण. पहिल्या खणात रोजचे हुकूम, कुणीही द्यावेत असे. तुझं निम्मं काम त्यातच. दुसरा-तिसरा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा, तिकडे फिरकू नकोस. चौथ्यात टेप, डिस्क, प्रिंटर ही यंत्रं. पाचव्यात फाइली आतून कशा मांडलेल्या असतात ते. सहाव्यात खेळ. हो, खेळ, आणि मोठे शिकलेले लोक आहेत म्हणतात. सातव्यात कुठेच न बसणारं भंगार. आठव्यात मशीनची देखभाल, ते तुझं उरलेलं निम्मं. प्रत्येक खणात नोंदी अक्षरांप्रमाणे, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात नाव आणि खणाचा आकडा असतो. आमच्या चर्चमधल्या बायका वार्षिक जेवणाची भांडी अशी लावतील तर दर वर्षीची भांडणं तरी वाचतील.

आता तुझं रडगाणं. नाव माहीत नाही ना? मग बाइंडरच्या अगदी पुढे बघ. तिथे एक वेडीवाकडी दिसणारी यादी आहे, मधोमध जागा सोडलेली. ती तू नक्कीच छापण्यातली चूक समजून उलटली असशील, मीही पहिल्यांदा समजले होते. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ म्हणजे नाव, एक आडवी रेघ आणि हा हुकूम काय करतो ते. मशीन ती ओळ उचलतं आणि तिच्यातल्या एकेका शब्दाखाली पुन्हा पुन्हा लावतं. समज 'टीकॉप – डिस्क टेपवर उतरवणे'. ही ओळ तुला 'डिस्क'पाशीही सापडेल, 'टेप'पाशीही, 'उतरवणे'पाशीही. म्हणजे नाव येत नसेल तर काम काय आहे ते मनात म्हण, त्यातला कुठलाही शब्द धर आणि यादीत जा. बस.

नोंद सापडली की तिच्यातला क्रम कधीच बदलत नाही. आधी 'नाव'. मग 'वापर', म्हणजे हुकूम नेमका कसा लिहायचा ते. मग 'वर्णन'. मग कुठल्या फाइली लागतात, मग 'हेही पाहा', मग मशीन काय काय कुरकुर करेल ते, आणि सगळ्यात शेवटी 'दोष'. हा हुकूम कुठे फसतो ते लिहिणाऱ्यानेच कबूल करायचं. मला वाटलं होतं कुणी चेष्टा केलीय. रुमालाच्या डब्यावर कुणी 'एक कोपरा उसवलेला' असं छापतं का? पण इथे छापतात, आणि वर मान ताठ ठेवून फिरतात.

घाईत असशील तेव्हा 'वापर' वाच आणि तसंच्या तसं लिही. स्वतःची अक्कल घालू नकोस.

तुझी आई


वेलबी
२३ फेब्रुवारी

मा,

तुझी वेडीवाकडी यादी! मी खरंच छापण्यातली चूक समजले होते. मंगळवारी डिस्क पुन्हा भरली. मी मनात म्हटलं 'जागा कुणी खाल्ली', 'जागा' शब्दापाशी गेले आणि हुकूम तिथेच बसलेला, जणू माझीच वाट बघत. डॅल्बर्ग कॉफी घेऊन आले तोवर विद्यार्थी परत कामाला लागलेले. "हं," म्हणाले. इथे 'हं' म्हणजे बँडबाजा समज.

पण मा, ड्वेनला पत्ता लागला. मिंडीच्या लशीचे कागद मी तिकडच्या डॉक्टरांकडून मागवले, त्यावरूनच. काल वकिलाचा लिफाफा आला. एप्रिलमध्ये इथल्याच कोर्टात तारीख आहे. लिहिलंय, आईला 'स्थिर उत्पन्न नाही'. डॅल्बर्गना दाखवलं, दुसरं कुणाला दाखवणार. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मार्च नीट पार पडला की मी तुम्हाला कायम झाल्याचं पत्र देईन. ते जजला दाखवा." मोजलंस? त्यांचा दोन दिवसांचा शब्दांचा साठा खर्च झाला.

म्हणजे सगळं मार्चवर आलं. ७ तारखेला ते बाहेरगावी जाणार आहेत आणि डिस्क बिघडली तर प्रत हाताशी असावी म्हणून ती टेपवर उतरवायचं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर आहे. तेच ते टीकॉप. आणि आमच्या बाइंडरमधलं नेमकं ते पान म्हणजे छायाप्रतीची छायाप्रत, वर कुणाची तरी कॉफी. 'वापर'ची ओळ तर वाचताच येत नाही. डॅल्बर्गना विचारलं तर म्हणतील मॅन्युअलमध्ये आहे. विचारायची भीती वाटते. त्यांना वाटायला नको की मला अजून येत नाही.

लिडिया


गारफील्ड
२८ फेब्रुवारी

लिडका,

सोबत पानं आहेत. टीकॉपचं, आणि देखभालीच्या खणातली तुला लागतील अशी सगळी. कोरी करकरीत, मी स्वतः टाइप केलेली, इस्त्री केल्यासारखी. नव्या आवृत्तीसाठी केलीत, अजून बाहेर गेली नाहीत. कोटाच्या आत घालून आणली. दारावरचा पहारेकरी म्हणतो, "ऑल्गा, वजन वाढलं की काय?" म्हटलं, "तुझी नजर वाढलीय, बाकी काही नाही." कुणाजवळ बोलू नकोस, लॅबमध्ये कळलं तर मला त्याच दिवशी घालवतील.

ती कॉफीने माखलेली पानं काढ आणि फेकून दे. भीत बसू नकोस, त्याने बाकीचं काही बिघडत नाही. प्रत्येक नोंद स्वतःच्या नव्या पानावर सुरू होते आणि पानांचे आकडे दर नोंदीला पुन्हा एकपासून. एक काढून दुसरं घालता यावं म्हणूनच ही सगळी मांडणी आहे. रिंग उघडायची, जुनं बाहेर, नवं आत. पानाच्या तळाशी तारीख दिसेल, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. ती आम्हा टायपिंगच्या बायकांसाठी असते, कुणी कधी काय केलं ते आमच्या वरच्या बाईंना कळावं म्हणून.

'वापर' वाच, तसंच्या तसं लिही. भीती वाटली तर आधी पाणी पी.

तुझी आई


गारफील्ड
१५ मार्च

लिडका,

पानं पोचली का? ७ तारीख झाली. एक ओळ लिहायला काय होतं?


गारफील्ड
२० मार्च

लिडका, मिंडी आजारी आहे का? तो तिकडे आला का? काही वाईट असेल तर वाईट लिही, पण लिही. टपालवाल्याला मी रोज जिन्यात गाठते. काल तो मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

आई


वेलबी
२२ मार्च

मा,

आम्ही ठीक आहोत. मिंडीही ठीक. कामात होते म्हणून लिहिलं नाही.

एक विचारायचं होतं. तू पाठवलेल्या पानाच्या तळाशी ७९ साल आहे. आमचं मशीन आणि आमचा बाइंडर ७५ चा. टीकॉपमध्ये आधी डिस्कचं नाव लिहायचं की टेपचं, हे मधल्या काळात बदललं का? तिथे कुणाला सहज विचारता आलं तर विचार. पानांचा विषय काढू नकोस. घाई नाही.

लिडिया


गारफील्ड
२८ मार्च

लिडका,

'घाई नाही' म्हणे. मी तुझी आई आहे, टपालखातं नाही. तुझं पत्र वाचलं तशी कोट चढवून लॅब गाठली.

विचारलं. टीकॉप ज्याने लिहिलं तो मिस्टर प्रेंटिस दुपारी टेबलाशीच सँडविच खातो. तिथेच गाठला.

"मिस्टर प्रेंटिस, टीकॉपमध्ये डिस्क पहिली की टेप?"

"तुम्हीच टाइप केलंत ना, ऑल्गा?"

"मी सगळंच टाइप करते. पोपटाला विचारल्यासारखं मला विचारू नका."

"डिस्क पहिली. जुन्यात टेप पहिली होती. बाकी सगळ्या हुकमांत आधी 'कुठून' आणि मग 'कुठे', हा एकटाच उलटा होता. डोळ्यांना टोचायचं. मी सरळ केलं."

"मग बदललंय असं पानावर कुठे लिहिलंय? 'दोष'मध्ये एक ओळ टाकायला हात मोडत होता?"

"दोष नाहीच तो. नव्या मशीनला नवं पान, जुन्याला जुनं. म्हणून तर तळाशी तारीख असते. मशीन आणि पान एका वयाची आहेत का ते बघायचं. नाहीतर तारीख कशासाठी असणार?"

"टायपिंगच्या बायकांसाठी," मी म्हटलं.

तो हसायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला. "जुन्या मशीनवर कुणी नव्या पानाप्रमाणे लिहिलं का?" म्हटलं, "समजा, लिहिलं." "तर मग टेप डिस्कवर उतरेल. टेप कोरी असेल तर..." त्याने सँडविच खाली ठेवलं. "कुणाचं काय गेलं, ऑल्गा? पानं बाहेर कशी गेली हे मी विचारलेलं नाही. लक्षात ठेवा, मी विचारलेलं नाही."

एवढी वर्षं मी प्रत्येक पानाच्या तळाशी ती तारीख टाइप केली. एकदाही कुणाला विचारलं नाही की कशाला. मला वाटलं, मला ठाऊक आहे.

खरं काय झालं ते लिही. एकही शब्द गाळू नकोस. मी तुला शिकवलं, मीच तुला दरीत ढकललं. किती खोल आहे ते तरी मला कळू दे.

आई


वेलबी
३ एप्रिल

मा,

ठीक आहे. ऐक.

शुक्रवारी दुपारी मी एकटी होते. पाणी प्यायले. पान समोर उभं केलं आणि तसंच्या तसं लिहिलं. मशीनने काही कुरकुर केली नाही, टेप छान फिरत होती. मला इतकं बरं वाटलं, मा, मी गुणगुणत होते. मग गणिताचा एक मुलगा आला, "माझी फाइल दिसत नाही," म्हणाला. मग दुसरा. मग कुणाचीच दिसेना.

मागची चांगली टेप डॅल्बर्गनी नाताळाआधी घेतलेली होती. त्यानंतर कुणी घेतलीच नव्हती. म्हणजे नाताळनंतरचं सगळं गेलं. विद्यार्थ्यांचे गुण. गव्हावर संशोधन करणाऱ्या एका प्रोफेसरबाईंचे प्रयोग, थंडीभर रोज शेतात जाऊन मोजलेले. त्या धावत आल्या. खुर्चीत बसल्या, हातमोजे काढायचंही त्यांना सुचलं नाही.

तळाची तारीख मी तेव्हा बघितली. पान काढून पर्समध्ये टाकलं. जुनं पान तू सांगितलंस म्हणून आधीच फेकलं होतं. डॅल्बर्ग आले तेव्हा त्यांना सांगितलं, "माझी बोटं चुकली." दुसरं काय सांगू? पान कुठून आलं ते सांगितलं असतं तर त्यांनी तुमच्या लॅबला कळवलं असतं. आपल्या दोघींपैकी एकीची तरी नोकरी राहू दे.

कॉलेजने मला काढलं. पत्रात 'निष्काळजीपणामुळे' असं लिहिलंय. ड्वेनच्या वकिलाला त्याची प्रत कशी मिळाली माहीत नाही, पण मिळाली. त्याने इथे निरोप धाडलाय की साधं मशीन जिला सांभाळता येत नाही तिच्या हातात पोर कसं द्यायचं, असं तो जजला विचारणार आहे. मी आता अंड्यांच्या कारखान्यात पाळीवर जाते. शेजारच्या चाकांवरच्या घरातली म्हातारी मिंडीकडे बघते, म्हणजे टीव्हीकडे बघते आणि मिंडी तिच्याकडे. कोर्टाची तारीख १८ ला आहे.

तू कुणाला काही लिहायचं नाहीस. ऐकतेस ना? मा, ऐक एकदा तरी.

लिडिया


गारफील्ड
८ एप्रिल

मिस्टर डॅल्बर्ग,

तुम्ही मला ओळखत नाही. मी लिडियाची आई. मला पत्र लिहायची रीत येत नाही, तेव्हा सरळ लिहिते.

ती बोटं चुकली म्हणते ते खोटं आहे. तिची बोटं चुकत नाहीत, तिला टाइप करायला मी शिकवलंय. तिने टीकॉपच्या पानावर होतं तसंच लिहिलं. पान चुकीच्या सालचं होतं. ते मी लॅबमधून चोरून पाठवलं, जुनं फेकून दे म्हणून मी सांगितलं आणि तारखेकडे बघू नकोस हेही मीच सांगितलं. ती तारीख कशासाठी असते हे मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटत होती असंही नाही. मला वाटलं मला माहीत आहे, ते जास्त वाईट.

सोबत त्याच पानाची दुसरी प्रत आहे. हे चोरलेलं नाही. ज्यांनी हुकूम बदलला त्या मिस्टर प्रेंटिसनी कधी आणि काय बदललं ते त्यावर लिहून सही केलीय. मी मागितलं, त्यांनी दिलं.

हे पत्र पेटीत टाकण्याआधी मी इथल्या आमच्या बाईंना सगळं सांगणार आहे. म्हणजे तुम्ही इथे फोन केलात तर कुणाचं काही लपलेलं असणार नाही, आणि मला मागे फिरायला जागा राहणार नाही. मी स्वतःला ओळखते.

तिला नोकरी परत द्या असं मी म्हणत नाही. गव्हाच्या बाईंना तोंड दाखवायची माझी हिंमत नाही, तुम्ही त्यांना सांगा. मला एकच हवंय. १८ तारखेला जजसमोर तो 'निष्काळजी' शब्द तेवढा खोडा. त्या एका शब्दावर तो माणूस माझी नात घेऊन जाईल. तो दारू पिऊन हात उचलतो. लिडियाच्या डाव्या कानाला नीट ऐकू येत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ते जन्मापासूनचं नाही.

ऑल्गा हुदाक


वेलबी
१९ एप्रिल

मा,

ऐकलं नाहीस ना! मी कोर्टात बसले होते, आणि दार उघडून डॅल्बर्ग आत आले. टाय लावून. त्यांच्याकडे टाय आहे हेच मला नवीन.

ड्वेनच्या वकिलाने ते कॉलेजचं पत्र वाचून दाखवलं, 'निष्काळजी' दोनदा. डॅल्बर्ग उभे राहिले आणि म्हणाले, ते पत्र मी लिहिलं आणि ते चुकीचं आहे. "ह्या बाईंनी कागदावर होतं तेच केलं, अक्षरही इकडचं तिकडे केलं नाही. कागद चुकीचा होता, तो यांच्या आईने न विचारता लॅबमधून पाठवला होता. आणि टेप दर आठवड्याला घ्यायची जबाबदारी माझी होती, ती मी नाताळपासून घेतली नव्हती. निष्काळजी म्हणायचंच तर त्या माणसाचं नाव डॅल्बर्ग आहे."

वकील म्हणाला, "म्हणजे मुलीच्या आजीने चोरी केली, हेच ना?"

"केली," डॅल्बर्ग म्हणाले. "आणि स्वतःहून लिहून कळवली. वडिलांनी आजवर काय काय केलं ते त्यांनी कळवलंय का?"

मागे कुणीतरी हसलं. ड्वेन उठून काहीतरी बोलला, जजने त्याला बसवलं, तर तो आणखी मोठ्याने बोलला. त्याला मी तसं बघितलेलं आहे. जजने पहिल्यांदाच बघितलं. मग डॅल्बर्गनी पुढे केलेलं तुझं पत्र जजने वाचलं आणि मला कानाबद्दल विचारलं. मी सांगितलं.

शाळा सुरू होईपर्यंत मिंडी माझ्याकडे. मग पुन्हा बघू म्हणाले. पण एक अट आहे. मी पाळीवर असताना घरात कुणीतरी जबाबदार, रक्ताचं माणूस हवं. शेजारच्या म्हातारीला जजबाबांनी दोन प्रश्न विचारले आणि मान हलवली. महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचं, नाहीतर मिंडी ड्वेनच्या आईकडे. म्हणजे त्याच्याचकडे.

प्रोफेसरबाई बाहेर भेटल्या. "पुढची थंडी आहेच," एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. नोकरी परत मिळणार नाही, ते डॅल्बर्गच्या हातात नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विसरल्यासारखा बराच वेळ धरून ठेवला.

तुझ्या लॅबमध्ये काय झालं ते तू लिहिलं नाहीस. माझं इथे रक्ताचं कुणी नाही. कुणाचं नाव देऊ ते सुचत नाही. अंड्यांच्या कारखान्यात कुणाला विचारून बघते.

लिडिया


गारफील्ड
२३ एप्रिल

मूर्ख पोरी,

एवढा कागद भरलास आणि विचारायचं ते विचारलंच नाहीस. अंड्यांच्या कारखान्यात रक्ताचं माणूस शोधतेय!

लॅबमध्ये काय व्हायचं होतं? बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि लॅबचा बिल्ला मागितला. मी दिला. रडायला आलं ते मी जिन्यात उरकलं. घरमालकाला खोली सोडते म्हणून सांगितलं, तो म्हणतो, "एवढी वर्षं राहिलात, वाईट वाटतं." म्हटलं, "मग तो गळका नळ आता तरी दुरुस्त करा." पलंग शेजारच्या जोसेफीनला दिला, शिवणाचं मशीन माझ्याबरोबर येईल, बसवाला कितीही कुरकुरला तरी.

पुढच्या गुरुवारी निघते, शनिवारी पोचते. स्टँडवर मिंडीला आण. तिने मला ओळखलं नाही तर तिला रागावू नकोस.

आणि जजला आजच नाव कळव. ऑल्गा हुदाक, वय त्रेपन्न, तोंडाने वाईट, दिवसभर घरी.